अकरा बाणांचा आहेर

इथे अमेरिकेत, आमच्या मराठी मंडळात एक हिरवा खण आहे. तो मी आयसेलिनच्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवर दुकानदाराचं डोकं खाऊन निवडला होता आणि गणपतीत नीनाची ओटी त्याने भरली होती. नीनाने तो रत्नाला दिला, रत्नाने आणखी कुणाला, आणि असा आमच्या कॅरीपासून शेजारच्या मॉरिसव्हिलपर्यंत सगळ्यांचे उंबरे झिजवून दोन संक्रांतींनी तो माझ्याच ओटीत येऊन पडला. त्याची घडीसुद्धा कुणी मोडलेली नव्हती.

मी घरी येऊन तो टेबलावर आपटला, तेव्हा माझा नवरा पुरुषोत्तम चष्म्यावरून बघत म्हणाला, "लतिका, वस्तू एकदा दिली की आपला तिच्यावरचा हक्क संपतो. एवढ्याशा कापडाचं काय मनाला लावून घ्यायचं?"

पुरुषोत्तम औषधांच्या कंपनीत क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळतो. घरी तो हेच काम फुकट करतो. समोर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना एवढा मान परवडत नाही.

आमची एकुलती एक लेक इला. इथेच जन्मली, जवळच्या रालीला फिजिकल थेरपिस्ट आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तर अर्ध्या इंग्रजीत देते. मागल्या वर्षी मे महिन्यात तिने टायलरशी लग्न केलं. मुलगा चांगला आहे. मी बरेच दिवस खोट शोधली, शेवटी नाद सोडला. त्याच्या वडिलांचा, म्हणजे डेल यांचा, एअर कंडिशनिंगचा धंदा आहे. कॅरीपासून तासाभरावर, जंगलाला लागून त्यांची जमीन आहे, आणि सप्टेंबर लागला की ते धनुष्यबाण घेऊन झाडावर चढून बसतात. हरणासाठी. मला वाटलं होतं ही बोलायची पद्धत असेल, पण नाही. झाडही खरं आणि हरीणही खरं.

लग्नात जेवणं आटोपल्यावर डेलनी पुरुषोत्तमच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "या की एकदा आमच्याबरोबर शिकारीला." अमेरिकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य कळायला हवं. इथे 'भेटू या एकदा' याचा अर्थ 'बरंय, येतो' एवढाच असतो. पण बोलणारा व्याही होता, आणि व्याही समोर आला की मुलीच्या बापाची अक्कल गवत खायला जाते. पुरुषोत्तमने ते आमंत्रण अक्षतांसकट आलं असं धरलं. त्या दिवसापासून डेलचे 'डेलराव' झाले.

सप्टेंबर आला. डेलरावांचा फोन आला नाही. इला मात्र दर शनिवार-रविवार तिकडे जाऊ लागली. लग्नाआधी ती रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायची आणि आठवड्याचा डबा भरून न्यायची. आता फोन यायचा, "आई, वी आर ॲट द लँड." द लँड. जणू काही जागृत देवस्थान. रविवारी बारा वाजले की पुरुषोत्तम खिडकीशी उभा राहून ड्राइव्हवेकडे बघायचा आणि विचारलं की म्हणायचा, टपालाची वाट बघतोय. रविवारी टपाल येत नाही, हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही.

मग एका रविवारी तो खिडकीकडे तोंड करूनच बोलला. "ती त्यांच्यातली झाली गं. आपण आता वर्षातले दोन सण. मला त्या घरात पाहुणा म्हणून सोफ्यावर बसायचं नाहीये. काहीतरी असं पाहिजे, की मी गेलो तर त्यांना वाटलं पाहिजे, हा आपल्यातला आहे." मी टोमणा तयार ठेवला होता. त्याचा चेहरा पाहिला आणि तो गिळून टाकला.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला त्यांच्याकडे जेवायला गेलो. आमच्यासाठी रताळी आणि शेंगा होत्या, बाकी टेबलावर काय होतं ते मी पाहिलं नाही. बोलता बोलता डेलराव म्हणाले की हल्ली दुकानातून येणारे बाण म्हणजे नुसता कचरा. त्यांचे वडील स्वतः बसून एकेका बाणाला पिसं लावायचे, ते बाण बघत राहावेसे असायचे. आता एवढा वेळ कुणाला आहे? पुरुषोत्तमचा रताळ्याचा घास हातातच राहिला.

गाडीत बसल्या बसल्या त्याने जाहीर केलं, "व्याह्यांना आहेर करायचा. माझ्या हातच्या बाणांचा."

"स्वेटर विणा," मी म्हटलं. "त्यात कुणी मरत नाही."

आमच्या घरात अंडं शिजत नाही. घरात कोळी निघाला तर पुरुषोत्तम त्याला कागदावर घेऊन अंगणात सोडतो आणि तो नीट मार्गी लागेपर्यंत तिथे उभा राहतो. हा माणूस हरणं मारायचे बाण करणार होता. मी त्याला सरळ विचारलं की हा बाण शेवटी कुठे जाऊन लागतो याची कल्पना आहे ना. तो म्हणाला, "मध्यभागी."

महिन्याभरात गॅरेजमधून माझी गाडी बाहेर निघाली आणि कार्बनच्या दांड्या आत आल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, काळ्या, पोकळ, दिसायला छत्रीच्या काड्या. त्या इलेक्ट्रिक करवतीने मापात कापायच्या, तोंडाला मास्क लावून. मग स्पिरिटने पुसायच्या. मग एक चिमटा असतो, त्याला जिग म्हणतात. त्यात प्लास्टिकचं पीस धरायचं, गोंदाची बारीक रेघ ओढायची आणि दांडीला टेकवून ठेवायचं. एका बाणाला तीन पिसं, अगदी सारख्या अंतरावर आणि किंचित तिरकी, म्हणजे बाण हवेत गिरकी घेत सरळ जातो. दोन पिसं एका रंगाची, तिसरं वेगळं, म्हणजे दोरीवर कसा चढवायचा ते न बघता कळतं. हे मला सगळं पाठ आहे, कारण वर्षभर जेवताना माझ्या कानावर दुसरं काही पडलंच नाही.

त्याने गॅरेजची औषधांची फॅक्टरी करून टाकली. हातमोजे, टोपी, दाराशी पायपुसणं. दांडीला बोटाचं तेल जरी लागलं तरी गोंद धरत नाही आणि ऐन वेळी पीस उडून जातं, असं त्याचं म्हणणं. मी एकदा न्हायच्या आदल्या दिवशी केसांना खोबरेल लावून चहा द्यायला गेले, तर त्याने मला दारातच थांबवलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, सासूनेही मला अशी कधी बाहेर उभी केली नव्हती.

रंग मात्र मी निवडले. तो करडा आणि पांढरा म्हणत होता, ऑफिसातल्या भिंतींसारखा. मी म्हटलं, आहेर आहे, काहीतरी नजरेत भरू द्या. दोन मोरपंखी आणि एक हळदी. व्याह्यांना पैठणी देता येत नाही, निदान रंग तरी देऊ.

त्याने एक जुनं धनुष्यही आणलं. खांदा दुखतो म्हणून त्याचा ताण अगदी हलका करून घेतला आणि आठवड्यातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन कागदावर नेम धरू लागला. बहुतेक वेळा कागद सुखरूप परत यायचा. पण तिथल्या लोकांनी त्याला शिकवलं की बाणाची लांबी हाताच्या मापावरून ठरते. म्हणून एका संध्याकाळी तो गॅरेजमध्ये दोन्ही हात पसरून बुजगावण्यासारखा उभा राहिला आणि मी माझी शिवणाची टेप घेऊन त्याच्या एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं.

"हे तुमचं माप झालं," मी म्हटलं. "डेलरावांचं कुठंय?"

"आहेर करताना कुणी माप विचारतं का? मग त्यात काय राहिलं?"

"अहो, पण ते ताडमाड आहेत."

"माणसांचे हात साधारण सारखेच असतात गं. बाण आहे, ब्लाउज नाही."

मी तीस वर्षं ब्लाउज शिवून घेते आहे. दुसऱ्याच्या मापाचा शिवलेला ब्लाउज देणं म्हणजे न देण्याहून वाईट, हे मला ठाऊक आहे. पण क्वालिटीतल्या माणसाला कोण सांगणार? मी टेप गुंडाळली आणि भाजी टाकायला गेले.

पहिले कित्येक बाण त्याने स्वतःच नापास केले. तळहातावर ठेवून फिरवायचा, जरा डुगडुगला की बाजूला. पिसाच्या टोकाशी गोंदाचा थेंब मोठा झाला, बाजूला. शेवटी उन्हाळ्यात अकरा बाण असे झाले की त्यात त्यालाही चूक सापडेना. त्याने ते टेबलावर ओळीने मांडले आणि मला हाक मारली, केसांची चौकशी न करता. खरं सांगते, सुरेख होते. माझ्या तोंडून चेष्टेचा शब्द निघाला नाही, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

लाकडी पेटी आणली. आत अंथरायला काहीतरी हवं होतं, आणि माझ्या कपाटात तो हिरवा खण पडलेला होता. म्हटलं, या निमित्ताने हा तरी मंडळाच्या हद्दीबाहेर जाईल. खणाची घडी शेवटी मीच मोडली, पेटीत पसरला, त्यावर बाण, कोपऱ्यात एक सुपारी, आणि झाकणावर हळदीकुंकवाचं बोट.

ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे जेवण होतं, तेव्हा पेटी दिली. डेलरावांनी झाकण उघडलं आणि आधी हात पँटला पुसले. त्यांची बायको ब्रेंडा, म्हणजे आमच्या विहीणबाई, सुपारी उचलून बघत होत्या. मी त्यांना खूण केली की खायची नाही. डेलरावांनी एक बाण डोळ्यापुढे धरला, फिरवला, पिसावरून अंगठा फिरवला. मग तो आपल्या लांब हाताला लावून पाहिला, क्षणभर इलाकडे बघितलं आणि बाण जपून परत ठेवला.

"असं काम मी वडिलांच्या नंतर पाहिलं नाही," ते म्हणाले. मग पेटीत बारावा बाण शोधू लागले. पुरुषोत्तमने त्यांना अकरा हा आकडा शुभ कसा ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "यांचा उपयोग होईल. मी स्वतः लक्ष घालीन."

परत येताना पुरुषोत्तम गाडी चालवत गुणगुणत होता. त्याला गाता येत नाही. मी चालवून घेतलं.

सप्टेंबर आला, शिकारीचा सीझन सुरू झाला, आणि आमच्या घरी फोनकडे बघण्याचा सीझन सुरू झाला. पुरुषोत्तम इलाला फोनवर इकडचं तिकडचं विचारून शेवटी हळूच विचारायचा, "आणि ते बाण? डेलराव काय म्हणतात?"

"दे आर गुड, बाबा. रिअली गुड. मी नंतर कॉल करते, ओके?"

"बघितलंस, चांगले आहेत म्हणाली," तो मला सांगायचा. मुलगी एवढ्या घाईने फोन ठेवते तेव्हा काहीतरी लपवते, हे आईला कळतं. मला वाटलं बाण मोडले असतील.

ऑक्टोबरात दिवाळीचा फराळ झाला. पुरुषोत्तम म्हणाला, व्याह्यांना नेऊन देऊ, अगोदर फोन कशाला, आपलेच लोक आहेत. अमेरिकेत न कळवता कुणाच्या दारात उभं राहिलं तर लोक आधी पडदा सरकवून बघतात. पण शनिवारी सकाळी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन मी गाडीत बसले.

डेलराव गॅरेजमध्येच होते. आम्हाला पाहून चपापले, मग हसले, खुर्च्या पुढे केल्या. इला आणि टायलर पहाटेच कुठेसे गेले होते. भिंतीवर डेलरावांचं भलंमोठं धनुष्य टांगलेलं, शेजारी बाणांचा भाता. भात्यातले बाण काळे, नारिंगी पिसांचे, दुकानातले. त्यांच्याच भाषेत, कचरा. पुरुषोत्तमची नजर तिथे गेली आणि मग सगळ्या गॅरेजभर फिरली. कामाच्या टेबलावर आमची पेटी होती. झाकण उघडं, त्यावर कुंकवाचा डाग अजून होता, आणि आत एअर कंडिशनरचे स्क्रू भरले होते. बाण नव्हते. खण नव्हता.

डेलरावांनी त्याची नजर पाहिली. मान खाजवली. "इतक्यात इलाशी बोलणं झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"रोज होतं," पुरुषोत्तम म्हणाला. दहा दिवसांत फोन नव्हता.

"बरं," डेलराव म्हणाले, आणि चिवड्यातले शेंगदाणे निवडून खाऊ लागले.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग पुरुषोत्तम म्हणाला, "फिरवले."

"काय?"

"बाण. देऊन टाकले कुणाला तरी. पेटीत स्क्रू ठेवलेत."

या वेळेची मी किती वर्षं वाट बघितली होती. वस्तू एकदा दिली की आपला हक्क संपतो, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. ओठांवर होतं. पण त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जणू कुणी तेही काढून घेईल. मला माझ्या खणाचा राग आला होता, पण मी काही तो खण विणलेला नव्हता. याने एक वर्ष त्या घराच्या दारात उभं राहायला जागा मागितली होती आणि त्यांनी त्याच्या जागी स्क्रू ठेवले होते. मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

"वापरण्याजोगे नसतील," थोड्या वेळाने तो म्हणाला. "नापास झाले असतील. तसं सांगायचं होतं. मी चूक शोधली असती."

घरी येऊन त्याने जिग, गोंद, उरलेली मोरपंखी पिसं सगळं खोक्यात भरलं आणि माझी गाडी गॅरेजमध्ये लावून दिली. मला एवढे दिवस तेच हवं होतं. मी त्या गाडीकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. बारा वाजले, पुरुषोत्तम खिडकीशी गेला नाही, पेपर वाचत बसला. आणि नेमकी त्याच दिवशी इलाची गाडी ड्राइव्हवेत आली. एकटीच होती. आत आली ती बसली नाही, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, हातात कसलीशी लांब गुंडाळी.

"आई, बाबा, आय हॅव टू टेल यू समथिंग. प्लीज डोन्ट बी मॅड."

मी मनात नऊ महिने मोजायला घेतले. पुरुषोत्तमला वाटलं टायलरशी भांडण झालं. तो खुर्चीतून अर्धा उठला.

इलाने गुंडाळी टेबलावर ठेवली आणि सोडली. वरचं कापड हिरवं होतं. माझा खण. तो परत माझ्याच घरी आला होता. या वेळी निदान घडी मोडून. आत एक बाण होता, दोन मोरपंखी पिसं, एक हळदी.

"डॅड म्हणजे डेल, काल मला म्हणाले, तू उद्या सांगितलं नाहीस तर मी सांगतो," ती म्हणाली. "ही वॉज सो एम्बॅरस्ड, बाबा. तुम्ही पेटी बघितलीत म्हणून."

"बाण त्यांनी कुणाला दिले?" पुरुषोत्तमने विचारलं. त्याचा आवाज कोरडा होता.

"मला."

इलाने बाणाच्या मागच्या टोकावर बोट ठेवलं.

"ते त्यांना शॉर्ट होतात, बाबा. फार शॉर्ट. त्यांनी पूर्ण ओढलं तर बाण मागे निसटेल, हाताला लागेल. ही कान्ट शूट देम. पण त्यांनी त्याच दिवशी बघितलं की मला बरोबर होतात. लेंग्थ, वेट, सगळं. मी मागच्या वर्षीपासून शिकतेय त्यांच्याकडे. म्हणून मी दर वीकेंडला तिकडे असते. तुम्हाला सांगायचं होतं, बट..." तिने माझ्याकडे पाहिलं. "आपल्याकडे अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं नाही, कारण अंडंच नाही. मी काय सांगणार होते? आय हंट?"

"मग पेटी?" मी विचारलं, कारण कुणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं.

"माझ्या भात्यात ठेवले ना बाण. रिकामी पेटी बघून त्यांनी स्क्रू टाकले. ही पुट्स स्क्रूज इन एव्हरीथिंग, आई."

पुरुषोत्तमने बाण उचलला नव्हता. तो नुसता त्याच्याकडे बघत होता. "हा वापरलेला आहे," तो म्हणाला.

"काल सकाळी," इला म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा मी जंगलातच होते. माझं पहिलं."

चार पिढ्यांत आमच्या घरातलं कुणी मासळीबाजारातून नाक दाबल्याशिवाय गेलं नाही. आणि त्याच घरातली पोर दिवाळीच्या तोंडावर हरीण मारून आली होती, बापाच्या हातच्या बाणाने. त्याला आजवर वाटत होतं बाण कागदाला लागतो. मला वाटलं आता हा उठून आत जाईल.

"त्याला त्रास झाला का?" त्याने विचारलं.

इलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही, बाबा. एकच बाण. लगेच झालं सगळं. मी त्याच्याजवळ बसले होते नंतर. खूप रडले. डेल म्हणाले, रडू आलं नाही त्या दिवशी धनुष्य विकून टाक." तिने नाक पुसलं. "बाण वेडावाकडा गेला असता तर तो जखमी होऊन दिवसभर जंगलात फिरला असता. इट वेंट स्ट्रेट, बाबा. म्हणून."

पुरुषोत्तमने चष्मा पुसला. मग बाण उचलला, तळहातावर ठेवून फिरवला. तो डुगडुगला नाही. त्याने एकेका पिसाच्या मुळाशी नख लावून पाहिलं.

"तिन्ही टिकली?"

"तिन्ही."

"कसे बरोबर झाले तुला?" तो म्हणाला, पण विचारत नव्हता, हिशेब जुळवत होता. "ते तर मी माझ्या मापाने..."

"डेल तेच म्हणाले," इला म्हणाली. "यू हॅव युअर डॅड्स आर्म्स."

तो उठला आणि गॅरेजमध्ये गेला. आतून खोकं ओढल्याचा आवाज आला. मी इलाला हळूच सांगितलं की माझ्या फ्रीजरमध्ये काही ठेवायचं नाही, जे काय असेल ते तुझ्या सासरी. ती रडता रडता हसली आणि म्हणाली, "आय नो, आई."

पुरुषोत्तम परत आला तेव्हा त्याने हातमोजे घातले होते. "लतिका, टेप आण," तो म्हणाला. "एकदा चूक झाली. पुढचे अंदाजाने करायचे नाहीत. माप घेऊनच करायचे."

"बाण आहे, ब्लाउज नाही," मी म्हटलं. एवढं तर मी म्हणणारच होते.

त्याने ते ऐकलंच नाही. इला स्वयंपाकघराच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिली. टेपचं एक टोक मी तिच्या बोटाशी धरलं, दुसरं त्याने. आकडा त्याच्याच मापाचा निघाला. क्वालिटीतला माणूस, कुठलाही आकडा दोनदा मोजल्याशिवाय मानत नाही.

त्या दिवशी त्याने तो चारदा मोजला. मी टेप धरून उभी राहिले आणि इलानेही हात खाली घेतले नाहीत.